लॅब्रेडॉरचे आयुष्य आणि त्याच्या भांड्यातले अन्न

निशिगंध (पुणे)

आमच्या घरी सहा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. मागच्या तपासणीत त्याचे वजन ३८ किलो भरले आणि ते हळूहळू ३० किलोच्या आसपास आणावे, असे पशुवैद्यांनी सुचवले. घरात मात्र यावर एकमत होत नाही. सासूबाईंच्या मते मुक्या जिवाला अर्धपोटी ठेवणे योग्य नाही, आणि तो समोर बसून पाहत असताना त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांची माया मला ठाऊक आहे. म्हणून वाद घालण्यापेक्षा, कमी खाण्याने कुत्र्याचे आयुष्य खरोखर वाढते का, याचा आधी नीट शोध घ्यावा असे ठरवले.

त्यात १९८७ साली अमेरिकेत सुरू झालेला एक अभ्यास वाचनात आला. तो पुरिना या पशुखाद्य बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु ‘कमी खाऊ घाला’ हा निष्कर्ष खाद्य विकणाऱ्याच्या फारसा सोयीचा नाही, त्यामुळे मला तो अधिक भरवशाचा वाटला. लॅब्रेडॉरची ४८ पिल्ले निवडून त्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीतली दोन्ही पिल्ले एकाच वेताची आणि एकाच लिंगाची होती. दोघांना अन्न एकच, मात्र एक भावंड जितके खाई त्याच्या पाऊणपटच दुसऱ्याला मिळे. ही व्यवस्था त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत पाळली गेली आणि निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. अधिक खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान (गटातली निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते वय) ११.२ वर्षे निघाले, तर पाऊणपट खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो सांध्यांचा आकडा. सांधेदुखीसाठी कायमचे औषध सुरू करण्याची वेळ गटातल्या निम्म्या कुत्र्यांवर आली, ते वय पहिल्या गटात १०.३ वर्षे होते आणि दुसऱ्यात १३.३ वर्षे. म्हणजे आयुष्य जितके वाढले, त्याहून अधिक काळ ती कुत्री जिने चढत आणि फिरत राहिली.

यात एक बाब सहज नजरेआड होते. अधिक खाणारा गट बेसुमार लठ्ठ नव्हता, कारण त्यांचेही खाणे सव्वातीन वर्षांच्या वयानंतर मर्यादित केले होते. आपल्याकडे ज्या कुत्र्याला कौतुकाने ‘चांगला भरलेला’ म्हणतात, तशी ती कुत्री होती. मग आमच्या ३८ किलोच्या लॅबचे काय?

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. योग्य वजन घरच्या घरी कसे ओळखावे? घरचे अन्न देत असल्यास ते मोजावे कसे? आणि जातीवर व आकारावर जे आयुष्य ठरलेले असते, त्यात आपल्या हातात उरते तरी किती?

पशुवैद्य_कराड

निशिगंधताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पालक आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा तोच त्यांच्या मनात असतो.

सस्तन प्राण्यांत सामान्यतः मोठा प्राणी अधिक जगतो. हत्ती उंदरापेक्षा किती तरी पटींनी जास्त जगतो. कुत्र्यांमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. ७४ जातींची माहिती तपासून जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली असे मांडले की, जातीचे वजन साधारण दोन किलोंनी वाढले की अपेक्षित आयुष्य एका महिन्याने घटते. मोठ्या जातींचे म्हातारपण फारसे लवकर सुरू होत नाही. ते एकदा सुरू झाले की वेगाने पुढे सरकते. या फरकाचा एक धागा वाढीशी निगडित असलेल्या ‘आयजीएफ-१’ या जनुकापर्यंत जातो. लहान आणि मोठ्या जातींच्या आकारातल्या फरकाचा बराच भाग या एका जनुकाभोवती फिरतो, हे २००७ साली दाखवण्यात आले. पिल्लू घरी आणतानाच हा भाग ठरून गेलेला असतो.

परंतु त्याच जातीतल्या, त्याच आकाराच्या दोन कुत्र्यांमध्ये जो फरक पडतो, तो बराचसा घरात ठरतो. २०१९ साली अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बारा जाती घेतल्या होत्या आणि प्रत्येक जातीत मध्यमवयात वजन जास्त असलेल्यांचे आयुष्य कमी निघाले. जर्मन शेफर्डच्या नरांत हा तोटा सुमारे पाच महिन्यांचा होता, तर यॉर्कशायर टेरियरच्या नरांत अडीच वर्षांचा. म्हणजे ‘लहान कुत्रा आहे, थोडा गुटगुटीत असला तर काय बिघडले’ हा समज नेमका उलटा आहे.

आता हाताने करायची परीक्षा सांगतो. कुत्रा उभा असताना दोन्ही तळहात त्याच्या छातीच्या बाजूंवर हलके ठेवावेत. दाब न देता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. वरून पाहिल्यास बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहिल्यास पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेले असावे. आम्ही यासाठी एक ते नऊ अशी श्रेणी वापरतो. चार-पाच उत्तम, सहा-सात म्हणजे वजन जास्त, आणि आठ-नऊ म्हणजे लठ्ठपणा. तुमच्या वर्णनावरून तुमचा लॅब आठाच्या आसपास असावा. वजन उतरवण्यापूर्वी थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण लॅबमध्ये त्या ग्रंथीचा मंदपणा अधूनमधून आढळतो आणि तसे असल्यास नुसता आहार कमी करून उपयोग होत नाही.

मापाचे गणित कठीण नाही. विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताला ७० ने गुणून काढतात. लक्ष्य ३० किलो धरले तर ती दिवसाला सुमारे ९०० कॅलरी येते, आणि वजन उतरवताना साधारण तेवढीच द्यायची असते. तूप लावलेली मध्यम पोळी शंभर-सव्वाशे कॅलरींची धरली, तर सासूबाईंनी मायेने दिलेली एक पोळी म्हणजे त्याच्या दिवसभराच्या अन्नाचा सातवा ते नववा हिस्सा होतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्क्यांहून अधिक घट होऊ देऊ नये. मांस, अंडी यांसारखी प्रथिने पुरेशी ठेवून पोळी, भात आणि तूप कमी करावे. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि म्हातारपणी कुत्र्याला उभे ठेवतात ते स्नायूच.

सह्यभटक्या (जुन्नर)

डॉक्टर, आपले विवेचन आवडले, परंतु मला एक मूलभूत शंका आहे. आमच्या वाडीवर भाकरी आणि ताकावर वाढलेली गावठी कुत्री पंधरा-सोळा वर्षे जगलेली मी पाहिली आहेत. त्यांना ना मोजून खाणे, ना रक्ततपासण्या. मग खरा दोष विदेशी जातींच्या रक्तातच आहे, असे मानायला हरकत नसावी. आयुष्य हवे असेल तर गावठी किंवा संकरित कुत्रा पाळावा, हाच सरळ मार्ग नाही का?

शेवंती (लीड्स)

सह्यभटक्या, मी इंग्लंडमध्ये एका श्वान-निवारा केंद्रात सुट्टीच्या दिवशी काम करते. तिथे हाच प्रश्न सतत विचारला जातो. ब्रिटनमधल्या ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १२.५ वर्षे निघाले. अपेक्षेविरुद्ध, शुद्ध जातीच्या कुत्र्यांचे ते १२.७ वर्षे आणि संकरितांचे १२ वर्षे होते. म्हणजे संकर हीच दीर्घायुष्याची हमी, असे तिथल्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. अर्थात, इंग्लंडमधला संकरित कुत्रा आणि आपला गावठी कुत्रा एक नव्हेत. गावठी कुत्रा हा दोन जातींचा संकर नसून शतकानुशतके माणसाने निवड न करता टिकून राहिलेला स्वतंत्र वंश आहे.

त्या अभ्यासात जातीच्या नावापेक्षा चेहऱ्याच्या ठेवणीचा परिणाम फार बोलका होता. लहान बांध्याच्या, लांब नाकाच्या माद्यांचे आयुर्मान १३.३ वर्षे, आणि मध्यम बांध्याच्या, चपट्या चेहऱ्याच्या नरांचे ९.१ वर्षे. फ्रेंच बुलडॉगचे ९.८ वर्षे भरले, तर लॅब्रेडॉरचे १३.१. पुण्या-मुंबईत पग आणि फ्रेंच बुलडॉग हौसेने घेतले जातात. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि या कुत्र्यांची श्वासनलिकाच अरुंद असते. आपल्या उन्हाळ्यात त्यांचे काय होत असेल, हे इथल्या थंड हवेतही त्यांचा घरघरता श्वास ऐकताना मला वारंवार जाणवते. त्यांच्या पैदाशीला प्रोत्साहन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पशुवैद्य_कराड

शेवंतीताईंच्या मुद्द्याला एक जोड देतो. वाडीवर सोळा वर्षांचा गावठी कुत्रा दिसतो, तेव्हा त्याच्या वेताची इतर पिल्ले आपल्याला दिसत नाहीत, कारण ती राहिलेलीच नसतात. कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या ९५ वेतांतली ३६४ पिल्ले पाहिली. सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांतली केवळ १९ टक्के जगली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस होता. वाहनांखाली चिरडणे, विषप्रयोग, मारहाण, पिल्ले उचलून नेणे ही ती कारणे. जे उरतात ते अर्थातच काटक असतात.

गावठी कुत्र्याचे गुण मी मुळीच नाकारत नाही. मध्यम वजन, लांब नाक, आखूड केस आणि कोणत्याही टोकाला न गेलेला बांधा ही दीर्घायुष्याला अनुकूल लक्षणे आहेत. आपल्या कारवान कुत्र्यांतही ती आढळतात. म्हणूनच माझे सांगणे असे की, गावठी पिल्लाला लस, जंतनाशक आणि मोजके अन्न मिळाले तर त्याच्याइतके दीर्घायुषी कुत्रे आपल्या हवामानात दुसरे क्वचितच सापडेल. परंतु भाकरी आणि ताक हे त्याच्या दीर्घायुष्याचे कारण नव्हे.

मोहोर (नागपूर)

वजन आणि जात यांवर चांगली चर्चा झाली, पण मला वाटते की आपल्याकडच्या कुत्र्यांचे आयुष्य तोडणारे सर्वांत मोठे कारण अजून या धाग्यावर आलेलेच नाही. ते म्हणजे गोचीड. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या अभ्यासांत ते ठळकपणे दिसणार नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आपल्या घरांत आढळणारी तपकिरी गोचीड ‘एर्लिकिया’ आणि ‘बबेसिया’ या दोन जंतूंची वाहक आहे. लोक सरसकट ‘टिक फीवर’ म्हणतात, परंतु हे दोन वेगळे आजार असून त्यांची औषधेही वेगळी आहेत. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. बबेसिया केवळ त्या गोळीने बरा होत नाही. ताप उतरला की गोळ्या मध्येच बंद करणारे पालक मी अनेक पाहिले आहेत. एर्लिकिया असा अर्धवट दबला तर अस्थिमज्जेत ठाण मांडून बसतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, रक्तातल्या पेशींची निर्मितीच खालावते. त्या टप्प्यावर फारसे काही करता येत नाही. कुत्रा एकाएकी जेवण टाकतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येते, लघवी गडद होते. यातले एकही लक्षण दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे.

प्रतिबंधाबाबत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. ही गोचीड तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन झाले की ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगा, फरशीच्या सांधी, दाराच्या चौकटी, कुंड्यांचे तळ अशा ठिकाणी लपते. एक मादी हजारोंच्या संख्येने अंडी घालते. त्यामुळे अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढत बसणे हा पुरेसा उपाय ठरत नाही. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या चघळण्याच्या गोळ्या आता मिळतात, त्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने वर्षभर नियमित द्याव्यात. कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील, तर या गोळ्यांपूर्वी ते आवर्जून सांगावे. सोबत घरातल्या भेगा बुजवाव्यात. केवळ पावसाळ्यात काळजी घेऊन भागत नाही, कारण आपल्या हवामानात गोचीड बारा महिने तग धरते.

मुंबई-कोकणातल्या मंडळींनी कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लसही दरवर्षी द्यावी. तुंबलेल्या पाण्यात मिसळलेल्या उंदरांच्या लघवीतून तो पसरतो, कुत्र्याच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर आघात करतो आणि माणसालाही होतो.

आरोही (मडगाव)

अतिशय उपयुक्त धागा. माझी शंका वेगळी आहे. कुत्र्यांचे आयुष्य वाढवणारी गोळी लवकरच बाजारात येणार, अशा बातम्या वारंवार दिसतात. त्यांत तथ्य किती? आमची लॅब मादी आता नऊ वर्षांची आहे, म्हणून विचारते.

उत्तरवारा (सिएटल)

आरोही, मी ज्या शहरात राहतो तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने टेक्सास ए अँड एम विद्यापीठासह ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ हाती घेतला आहे. पन्नास हजारांच्या आसपास कुत्री त्यात नोंदवलेली आहेत. ती प्रयोगशाळेत नव्हे, तर आपापल्या घरी राहतात. पालक प्रश्नावल्या भरतात आणि काही कुत्र्यांचे नमुने नियमित घेतले जातात. याच प्रकल्पात रॅपामायसिन या औषधाची चाचणी चालू आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर वापरले जाणारे हे औषध मूळ ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून मिळाले, आणि त्या बेटाच्या स्थानिक नावावरूनच ते ओळखले जाते. उंदरांमध्ये त्याने आयुष्य वाढते हे सिद्ध झाले आहे. कुत्र्यांमध्ये ते वाढते का, हेच ही चाचणी तपासत आहे. त्यामुळे कोणी ते आज विकत घेऊन कुत्र्याला देऊ पाहत असेल, तर कृपया देऊ नये.

बातम्यांत येणारी दुसरी गोळी ‘लॉयल’ या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीची आहे. दहा वर्षे किंवा त्याहून मोठ्या आणि साधारण साडेसहा किलोंपेक्षा जड कुत्र्यांसाठी ती रोज द्यायची गोळी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ती परिणामकारक ठरेल अशी वाजवी अपेक्षा आहे’ असा निर्वाळा दिला. ही अंतिम मान्यता नव्हे. सुरक्षितता आणि उत्पादन यांची तपासणी हे त्यापुढचे वेगळे टप्पे असतात, आणि हजाराहून अधिक कुत्र्यांवरची मोठी चाचणी अनेक वर्षे चालणारी आहे. या औषधामागची कल्पना मात्र आपल्या धाग्याशी थेट जोडलेली आहे. वयाबरोबर चयापचयात जो बिघाड होतो तो सावरणे, म्हणजे कमी खाण्याने शरीरात जे घडते त्याच्या जवळ जाणे, हा तिचा हेतू आहे.

वयाच्या दाव्यांबाबतही सावध राहिलेले बरे. पोर्तुगालमधल्या ‘बोबी’ नावाच्या कुत्र्याला २०२३ साली जगातला सर्वांत वयोवृद्ध कुत्रा ठरवण्यात आले आणि त्याच वर्षी तो ३१ वर्षांचा होऊन गेल्याचे जाहीर झाले. पुढे पुरावे अपुरे ठरल्यामुळे गिनेस संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो किताब काढून घेतला. ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्लूई’ या गुराख्याच्या कुत्रीचा २९ वर्षे ५ महिन्यांचा विक्रम त्याआधीचा असून ती १९३९ साली गेली. अशी उदाहरणे विरळ असतात आणि त्यांच्या आहारावरून आपल्या कुत्र्याचा आहार ठरवणे योग्य नाही.

निशिगंध (पुणे)

सर्वांचे आभार. उत्तरवारा, कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, या हिशेबाने आमचा लॅब बेचाळीस वर्षांचा ठरतो. हा हिशेब कितपत खरा आहे?

उत्तरवारा (सिएटल)

तो फार ढोबळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली लॅब्रेडॉरच्याच डीएनएवर वयानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा माणसाच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यानुसार एका वर्षाचा लॅब माणसाच्या तिशीत असतो आणि नंतर वेग मंदावतो. सहा वर्षांचा लॅब त्या सूत्राने साठीच्या जवळ येतो. हा मेळ एकाच जातीवरचा आहे, तरी सहाव्या वर्षाला ‘तरुण आहे अजून’ म्हणून सोडून देता येत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

मधुमालती (कोल्हापूर)

निशिगंधताई, घरातल्या ज्येष्ठांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडेही आजेसासूबाई आणि कुत्रा यांचे नाते असेच होते. आम्ही त्यांना ‘देऊ नका’ असे कधी म्हटले नाही. सकाळीच त्याचे दिवसभराचे अन्न तराजूवर तोलून एका डब्यात काढायचे आणि तो डबा आजींच्या हाती सोपवायचा, अशी पद्धत पाडली. त्यातले उकडलेल्या चिकनचे तुकडे, काकडी, गाजर, दुधी त्या हवे तेव्हा देत असत. देण्याचा आनंद त्यांच्याकडेच राहिला आणि डब्याबाहेरचे काही द्यायचे नाही, हा नियम पुढे त्यांनीच नातवंडांना घालून दिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहिण्याचे कामही त्यांच्याकडे होते. घरातल्या एकाच माणसाने अन्नाची जबाबदारी घेतली नाही, तर चौघे जण चार वेळा ‘थोडेसेच’ देतात आणि मापाला अर्थ उरत नाही.

त्या डब्यात द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि चॉकलेट कदापि येऊ देऊ नका. प्रसादाच्या शिऱ्यातली मनुकासुद्धा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, हे सणासुदीला घरात आवर्जून सांगावे लागते.

आरोही (मडगाव)

डॉक्टर, आमच्या मादीची नसबंदी झालेली नाही. आता नवव्या वर्षी करावी का? मागच्या एका पशुवैद्यांनी वय झाले म्हणून नको असे सांगितले होते.

पशुवैद्य_कराड

वय हा स्वतःहून आजार नाही. रक्त, मूत्रपिंड आणि हृदय तपासून ती भूल सोसण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. कारण असे की, नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयात पू होण्याचा आजार उतारवयात फार आढळतो. स्वीडनमध्ये नसबंदीची प्रथा कमी असल्याने तिथे याचे चांगले आकडे मिळतात, आणि तिथल्या एका मोठ्या अभ्यासात जवळपास चौथा हिस्सा माद्यांना दहा वर्षांच्या होण्याआधी हा आजार झालेला आढळला. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत मादी खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली किंवा स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. कधी कधी स्राव बाहेर येतच नाही, आणि तो प्रकार अधिक धोक्याचा असतो.

पिल्लांच्या बाबतीत मात्र घाई नको. लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील संशोधकांना दिसले आहे. लहान जातींत तसा फरक फारसा आढळला नाही. नसबंदीनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेचच माप कमी करावे लागते.

शेवंती (लीड्स)

लहान कुत्र्यांबद्दल दोन गोष्टी सांगते. महाराष्ट्रात पांढरे स्पिट्झ घरोघरी आहेत. एवढ्याशा जबड्यात दातांची दाटी असल्याने त्यांच्या दातांवर कीटण लवकर साचते, हिरड्या सुजतात आणि दात लवकर पडतात. कुत्र्यांसाठीची टूथपेस्ट वापरून रोज दात घासावेत. माणसांची पेस्ट वापरू नये. दुसरी गोष्ट हृदयाची. लहान जातींत उतारवयात हृदयाची डावीकडची झडप सैल होते. झडपेच्या दोषामुळे हृदय मोठे झालेले असेल पण त्रास सुरू झालेला नसेल, अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केल्यास हृदय निकामी होण्याची अवस्था सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे ढकलता येते, हे २०१६ च्या मोठ्या चाचणीत दिसले. म्हणून वार्षिक तपासणीत छातीला स्टेथोस्कोप लावून घ्यावा आणि हृदयात वेगळा आवाज आढळला तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. घरी, कुत्रा गाढ झोपलेला असताना, मिनिटाचे श्वास मोजावेत. ते सतत तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवावे.

सह्यभटक्या (जुन्नर)

गावठी कुत्र्यांबद्दलचा आपला खुलासा पटला. वाडीवरच्या पिल्लांना या महिन्यात लस देण्याचे आम्ही ठरवले आहे. पहिली लस कोणत्या वयात द्यावी? आणि घरातला जुना कुत्रा आता उठताना कण्हतो. त्याला आमच्या घरातली अंगदुखीची गोळी अर्धी करून दिली तर चालेल का?

पशुवैद्य_कराड

गोळीचे आधी सांगतो. मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात. अर्ध्या गोळीनेही हे घडलेले मी पाहिले आहे. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके आहेत आणि ती मूत्रपिंड तपासूनच सुरू करायची असतात. तोवर त्याच्या वाटेवरच्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरा, झोपायला जाड अंथरूण द्या आणि एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या करा. फिरणे पूर्ण बंद करू नका. सांधे आखडतात आणि स्नायू झडतात.

पिल्लांना डिस्टेंपर आणि पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यावी, नंतर दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. शेवटची मात्रा सोळा आठवड्यांनंतरच असावी, कारण तोपर्यंत आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीला निष्फळ करू शकते. पुष्कळ पिल्ले दोन मात्रा घेऊनही पार्व्होने जातात, त्यामागे हेच कारण असते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात द्यावी.

जुन्या कुत्र्यासाठी, आणि निशिगंधताई, तुमच्या लॅबसाठीही, एक स्वस्त तपासणी सुचवतो. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते ते टाकाऊ द्रव्य) वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची बरीचशी, साधारण पाऊण, क्षमता गेलेली असते. लघवीची घनता त्याआधी घसरू लागते. सात वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी, मोठ्या जातींत सहाव्या वर्षापासूनच, ती मोजून घ्यावी. त्यासाठी सकाळची पहिली लघवी लागते, पाणी पिण्याआधीची. कुत्रा लघवी करू लागला की लांब दांड्याचा स्वच्छ डाव खाली धरावा, नमुना कोरड्या बाटलीत ओतावा आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. ते जमणार नसेल तर तोवर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.